कॅन्सरवर तोंडावाटे लस?

"डॉक्टर, पोलिओसारखे कॅन्सरचे थेंब निघालेत म्हणे. मग वडिलांचे ऑपरेशन थोडे थांबवू का?" परवा एका मुलाने विचारले. मुळीच थांबवू नका, असे मी त्याला लगेच सांगितले.

कल्पना मात्र खुळी नाही. आतड्याच्या अस्तरात प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोठी छावणीच असते. पोलिओचे थेंब तिलाच जागे करतात. टायफॉइडच्या तोंडी लसीतील दुबळे केलेले जंतू वापरून जर्मनीत हायडेलबर्ग येथे स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर असा प्रयोग झाला. गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांवर शरीराने हल्ला करावा, हा हेतू. तशा लढाऊ पेशी काही रुग्णांत वाढल्या. पण त्याने कॅन्सर बरा होतो, असे सिद्ध झाले नाही. अडचण अशी, की कॅन्सरची पेशी आपल्याच शरीरातली. आणि आतड्याला तर रोजच्या अन्नामुळे परके पदार्थही सहन करण्याची सवय!

बीसीजीची गंमत पाहा. १९२१ मध्ये पॅरिसला ती पहिल्यांदा बाळाला दिली, ती तोंडावाटेच. आज मूत्राशयाच्या वरवरच्या कॅन्सरमध्ये ती खरोखर उपयोगी पडते. पण नळीने थेट मूत्राशयात सोडून, आणि तीही दुर्बिणीने गाठ काढल्यानंतर.

त्या वडिलांचे ऑपरेशन येत्या सोमवारी आहे.