टाऊन हॉलमधला समुद्रदेव

समुद्र सह्याद्रीपलीकडे, तरी कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयाच्या संग्रहात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती आहे. रोमन बनावटीची ही मूर्ती १९४०च्या दशकात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडली. तिथेच सातवाहनकालीन वस्तीचे अवशेषही मिळाले. परदेशातून आलेल्या वस्तूत कोल्हापूरचं काय, असं कुणी विचारेल. पण ती परदेशी आहे हाच तर पुरावा! कोकणातली बंदरं आणि घाटावरच्या पेठा व्यापाराने जोडलेल्या होत्या, आणि त्या जाळ्यात हे गावही होतं. एवढी मोठी गोष्ट कपाटाजवळच्या दोन ओळींच्या पाटीत मावत नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की संग्रहालय ते ब्रह्मपुरी असा वारसाफेरीचा मार्ग नियमित असावा. टेकडीवर आता पाहण्यासारखं फारसं उरलेलं नाही, हा आक्षेप खरा आहे. मात्र त्याच कारणाने तिथे सांगणारा माणूस हवा. नदी, उतार आणि जागा दिसली की मूर्ती इथवर का पोहोचली ते उमगतं. शिक्षकांनो, पुढच्या सहलीत मुलांना आधी संग्रहालय दाखवा आणि तिथून चालत ब्रह्मपुरीला न्या.