माळाला दुर्बीण, पाण्याला स्कोप

जालन्यात पक्षी बघायचा नाद लागलेला माणूस पहिला हिवाळा सरला की एक प्रश्न हमखास विचारतो: दुर्बीण घेऊ की स्पॉटिंग स्कोप? विचारतानाच त्याचं मन स्कोपकडे झुकलेलं असतं, आणि त्यात नवल नाही. आपला मुलूख उघडा. अंबड, घनसावंगी, परतूरकडे गाडी वळवली की नजर अडायला फारसं काही नाही. काळविटांचा कळप अर्ध्या किलोमीटरवर थबकतो आणि त्यापेक्षा जवळ येऊ देत नाही. एवढ्या लांबचं बघायचं तर साठ पट जवळ आणणारं यंत्रच घ्यावं, असं कुणालाही वाटेल. माझं मत नेमकं उलट आहे. या उघड्या माळासाठी दुर्बीणच हवी. स्कोपची खरी जागा पाण्याच्या काठावर, तीही हिवाळ्यातल्या सकाळी.

ही दोन्ही साधनं घडली ती मुख्यतः सैन्याच्या आणि शिकाऱ्यांच्या गरजेतून. अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात किंवा युरोपात आल्प्समध्ये शिकारी आजही दोन्ही बाळगतात. आधी दुर्बिणीने सगळी डोंगरउतरण विंचरायची, जनावर सापडलं की स्कोप लावून त्याची शिंगं आणि वय जोखायचं, आणि मगच दोन-चार तासांची चढण चढायची की नाही ते ठरवायचं. चुकीच्या जनावरामागे दिवस वाया जाऊ नये म्हणून तिथे स्कोपचं वजन पाठीवर वाहणं परवडतं. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा तो अध्याय बंद केला. पिकांची नासधूस करणाऱ्या रानडुकराबाबत किंवा रोह्याबाबत वनखात्याची रीतसर परवानगी हा अपवाद आहे. काळवीट तर पहिल्या अनुसूचीतलं, त्याच्या वाटेला जाणं हा गंभीर गुन्हा. तेव्हा इथे दुर्बीण घ्यायची ती निव्वळ बघण्यासाठी, आणि तेवढं कारण मला पुरेसं वाटतं.

बघण्याचा या जिल्ह्याचा वारसा जुना आहे. टी. सी. जर्डन हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर. 1837 साली त्याची नेमणूक मद्रासच्या दुसऱ्या घोडदळ पलटणीत झाली आणि पलटणीबरोबर तो जालन्याच्या छावणीत आला. दक्षिण भारतातल्या पक्ष्यांची त्याची यादी 1839 पासून मद्रासच्या एका शास्त्रीय नियतकालिकात छापली जाऊ लागली, आणि तिच्यात जालन्याचं नाव पुन्हा पुन्हा येतं. पुढे 1862 ते 1864 या काळात त्याचा ‘बर्ड्स ऑफ इंडिया’ हा ग्रंथ निघाला. भारतीय पक्षिशास्त्राच्या पायाभरणीतले काही दगड आपल्या या माळावरचे आहेत, याचा मला अभिमान वाटतो. पण जर्डनच्या काळात प्रिझमची दुर्बीण नव्हती. पक्षी ओळखायचा तर तो बंदुकीने पाडून हातात घ्यायचा, हीच पद्धत. इटलीच्या पोरोने प्रिझमची रचना 1854 मध्ये मांडली आणि त्या तत्त्वावरची चांगली दुर्बीण जर्मनीच्या झाइसने 1894 मध्ये विक्रीला आणली. तरीही 1931-32 मध्ये सलीम अलींनी निजाम राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी केली तेव्हा नमुने गोळा करायला बंदूक लागलीच. आज पक्ष्याच्या पिसालाही धक्का न लावता त्याचं नाव सांगता येतं, ते भिंगांमुळे.

आता आकड्यांकडे. दुर्बिणीवर 8x42 किंवा 10x42 असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा किती पट जवळ दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते: 8x42ची सव्वापाच मिलिमीटर, 10x42ची 4.2. उजेड कमी झाला की बुबुळाची बाहुली मोठी होते आणि हा जाड झोत कामी येतो. स्कोपवर 20-60x65 असं काही असेल आणि तुम्ही 60 पटीवर नेलंत, तर झोत उरतो जेमतेम 1.1 मिलिमीटरचा. चित्र मोठं झालं खरं, पण अंधारलं.

संध्याकाळी हरभऱ्याच्या किंवा तुरीच्या शेतावर रोही उतरतात, रानडुकरं बांधापर्यंत येतात. माळ्यावर बसून राखण करणाऱ्या शेतकऱ्याला कळप किती मोठा आहे, कुठून आत शिरतोय, हे दिवेलागणीला बघायचं असतं. त्याला मी डोळे मिटून 8x42 सुचवीन. त्या वेळी स्कोपमधून फक्त करड्या सावल्या दिसतील.

दृष्टिक्षेत्राचा फरक तर याहून मोठा. हजार मीटरवर 8 पटीच्या बऱ्या दुर्बिणीत साधारण 130 मीटर रुंदीचा पट्टा मावतो. स्कोपमध्ये 20 पटीवर तो 35-40 मीटरच्या आसपास असतो, आणि 60 पटीवर त्याच्याही निम्म्यावर येतो. भोवत्याचंच घ्या. भोवत्या म्हणजे माळावरून कमी उंचीवर तरंगत जाणारा शिकारी पक्षी. माँटेग्यूच्या भोवत्याची मादी आणि पांढुरक्या भोवत्याची मादी दिसायला बहिणी-बहिणी. पांढुरक्याच्या गळ्याभोवती फिकट पट्टा असतो, तो शोधायचा. पक्षी एका दमात शेत ओलांडतो आणि तुम्हाला मिळतात काही क्षण. दुर्बीण डोळ्याला लागते, पक्षी सापडतो, पट्टा दिसतो. स्कोपचं तोंड वळवून फोकस जमेपर्यंत भोवत्या पलीकडच्या गावाच्या हद्दीत गेलेला असतो. धाविक आणि चंडोल यांचंही तसंच. जमिनीच्या रंगात रंग मिसळलेले हे पक्षी हलतात तेव्हाच दिसतात, आणि हालचाल टिपायला मोठं क्षेत्र लागतं.

माळावर स्कोपचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे ऊन. डिसेंबरातसुद्धा दहाच्या सुमाराला काळी जमीन आणि उघडा खडक तापू लागतात, जमिनीलगतची हवा थरथरते, आणि अर्ध्या किलोमीटरवरचं काळवीट पाण्यात बुडाल्यासारखं लवलवतं. स्कोप ही थरथरही साठ पट मोठी करतो. मग लाखाचं भिंग आणि वीस हजारांचं भिंग यांत फरक उरत नाही, कारण अडथळा काचेचा नसून हवेचा असतो. नवे लोक अशा वेळी फोकसची चकती पुढेमागे फिरवत बसतात आणि यंत्रात दोष आहे असं समजतात. पट खाली आणावी, 20-25 वर राहावं. तरीही जमत नसेल तर स्कोप बंद करून बाभळीखाली बसावं आणि दुर्बिणीने जवळचं बघावं.

नजर तीक्ष्ण असली म्हणजे अर्थ कळतोच असं नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या असईच्या लढाईत, 23 सप्टेंबर 1803 रोजी, केळणा नदीला उतार नाही असं वाटाडे सांगत होते. नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावं इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली याने पाहिली आणि त्यांच्यामध्ये उतार असणारच, हे ताडलं. माळावर जनावर शोधतानाही हीच रीत: पाणवठा कुठे, सावली कुठे, कोणतं पीक कोवळं, याचा आधी विचार करायचा आणि मग दुर्बीण लावायची. गुराख्यांना आणि फासेपारधी समाजातल्या जाणत्यांना हे भिंगाशिवाय दिसतं. त्यांच्याबरोबर एक दिवस हिंडलं तर पुस्तकांतून न मिळणारं कितीतरी शिकायला मिळतं.

पाण्यावर मात्र सगळं चित्र पालटतं. जालना शहराला पाणी पुरवणारा निजामकालीन घाणेवाडी तलाव किंवा अंबडकडून पैठणला गेल्यावर लागणारा नाथसागर घ्या. जायकवाडीचा हा जलाशय 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, विस्तार सुमारे 341 चौरस किलोमीटर. बदकांचे थवे काठापासून दूर, मधोमध. काठावर चिखल, पुढे जायला वाट नाही, आणि जावंही नाही, कारण एक थवा उडाला की सगळं पाणी रिकामं होतं. सकाळची हवा स्थिर असते, पक्षी जागच्या जागी चरत असतात. इथे स्कोप आपली किंमत वसूल करून देतो.

एक उदाहरण जवळून बघू. चिखलाच्या कडेला चिमणीएवढे करडे पक्षी धावताहेत. दुर्बिणीतून कळतं की हे टिलवे. छोटा टिलवा की तेमिंकचा, हे पायांवर ठरतं: छोट्याचे पाय काळे, तेमिंकचे पिवळट-हिरवट. शंभर मीटरवरून गवताच्या काडीएवढ्या पायाचा रंग दुर्बीण सांगू शकत नाही. स्कोप 30-40 पटीवर न्यावा, पक्ष्याने चिखलातून पाय वर उचलेपर्यंत थांबावं, कारण ओल्या चिखलाने माखलेला पाय कुणाचाही काळाच दिसतो. पट्टकादंबांचं आणखी निराळं. मंगोलियात शास्त्रज्ञांनी मानेत खुणेचा पट्टा घातलेले हे हंस हिवाळ्यात भारतात दिसले आहेत. पट्ट्यावरची अक्षरं वाचता आली तर हिमालय ओलांडून आलेल्या त्या एका पक्ष्याचा प्रवास नोंदला जातो. ही अक्षरं वाचणं हे स्कोपचंच काम.

म्हणून माझा सल्ला असा: प्रत्येकाने आपली दुर्बीण घ्यावी आणि स्कोप चार-पाच जणांनी मिळून एक घ्यावा. दहा-पंधरा हजारांत कामाची दुर्बीण मिळते. बरा स्कोप आणि त्याला झेपेल असा ट्रायपॉड यांचा खर्च मिळून सहज त्याच्या दुपटी-तिपटीच्या पुढे जातो. ट्रायपॉडमध्ये मुळीच काटकसर करू नये, काठावरच्या वाऱ्यात हलक्या ट्रायपॉडवरचा महागडा स्कोप निरुपयोगी ठरतो. डोळ्याकडची नळी तिरकी असलेला स्कोप घ्यावा: ट्रायपॉड बुटका ठेवता येतो, वारा कमी लागतो आणि बरोबरच्या पोरांनाही वाकून बघता येतं. सरळ नळीचा स्कोप गाडीच्या खिडकीतून बघणाऱ्यांना बरा. चष्मा लावणाऱ्यांनी दुर्बीण घेताना डोळा आणि काच यांमध्ये किमान 15 मिलिमीटर अंतर ठेवून पूर्ण गोल दिसतो का, ते दुकानातच तपासावं. आणि सूर्याकडे यातलं काहीही रोखू नये. डोळा कायमचा जातो.

दुर्बीण हातात आली की पहिलं काम दोन डोळ्यांचा फरक जुळवण्याचं. उजवी बाजू हाताने झाकायची, मधल्या चकतीने डाव्या डोळ्याला एखादी पाटी स्वच्छ दिसू द्यायची. मग डावी झाकून, मधल्या चकतीला हात न लावता, उजव्या डोळ्याकडची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करायची. कडीची ती जागा लक्षात ठेवायची. हे न करता वर्षानुवर्षं डोकेदुखी सोसणारी माणसं मी पाहिली आहेत.

शेतात शिरण्याआधी मालकाला राम राम घालून काय बघायला आलो ते सांगावं. समृद्धी महामार्गाच्या भूसंपादनानंतर आपल्या भागात ट्रायपॉड दिसला की मोजणीवाले आले असं लोकांना वाटतं, आणि त्यांची काळजी रास्त आहे. स्कोप लावून काकांना एकदा चक्रवाकांची जोडी दाखवली की पुढच्या वेळी पक्षी कुठे उतरलेत ते तेच सांगतात.

राहिली धूळ. मराठवाड्यातली धूळ खडकाची, त्यामुळे काचेवर चरे पडतात. भिंग शर्टाच्या टोकाने किंवा उपरण्याने पुसू नये. आधी रबरी फुग्याने धूळ उडवावी, मग मऊ ब्रशने झाडावी, आणि डाग राहिलाच तर भिंगाच्या कापडाला दोन थेंब क्लीनर लावून मधून कडेकडे हलक्या हाताने पुसावं. पावसाळ्यात दुर्बीण आणि स्कोप कातडी पिशवीत कोंडून ठेवू नयेत; सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत, नाहीतर आतल्या काचेवर बुरशी धरते आणि ती काढायला यंत्र उघडावं लागतं.