गाडीची वेळ

पहाटे 4. 1850 च्या आसपासचं लंडन, स्ट्रँड रस्ता. पंचविशीतला विल्यम हेन्री स्मिथ कामाला लागलाय. त्याला पाद्री व्हायचं होतं. वडिलांनी ऐकलं नाही. 1846 मध्ये वृत्तपत्रविक्रीच्या धंद्यात भागीदार करून टाकलं.

पहाटे 5. छापखान्यांतून गठ्ठे येऊन पडतात. घड्या घालायच्या, गावागणिक पुडकी बांधायची, घोडागाड्यांतून स्टेशनं गाठायची. छपाईला उशीर झाला म्हणून आगगाडी थांबत नाही, आणि शिळा पेपर कोणी घेत नाही. सगळा धंदा या दोन-तीन तासांतला.

सकाळी 8. आता स्टॉल. आपल्याकडच्या व्हीलरसारखे हे फलाटावरचे स्टॉल त्याने 1848 मध्ये नॉर्थ-वेस्टर्न रेल्वेच्या युस्टन स्टेशनवर सुरू केले. फलाटावरची गलिच्छ चोपडी हटवून तो चांगली पुस्तकं ठेवतो. लोक त्याला ‘नॉर्थ-वेस्टर्न मिशनरी’ म्हणतात. 1860 मध्ये त्याने फिरतं वाचनालयही काढलं. एका स्टेशनवर घेतलेलं पुस्तक दुसऱ्या स्टेशनवर परत करता येई. मला त्याचं हे काम सगळ्यांत मोठं वाटतं.

1868 मध्ये जॉन स्टुअर्ट मिलला हरवून तो खासदार झाला, 1877 मध्ये नौदलमंत्री.

दुपार, 17 जून 1887. पंतप्रधान सॉल्झबरी लॉर्ड्समध्ये बसतात, म्हणून कॉमन्सचा नेता स्मिथ. पुढ्यात आयर्लंडमधली चळवळ दडपणारं विधेयक आहे. ते मंजूर झालं की अशांत भागांत ज्यूरीविना खटले चालवून लोकांना सक्तमजुरीवर पाठवता येईल. आयरिश सदस्य आठवडेच्या आठवडे दुरुस्त्या मांडून ते अडवताहेत. तेव्हा स्मिथने आठवड्यापूर्वीच ठराव करून घेतला: आज रात्री 10 वाजता चर्चा बंद, उरलेली कलमं थेट मताला.

रात्री 10. घड्याळ बघून चर्चा तोडली जाते. आयरिश सदस्य उठून बाहेर पडतात. पुडकी वेळेवर निघालीच पाहिजेत, हे स्ट्रँडवर बरोबर होतं. इथे ज्यांच्या माणसांना तुरुंगात धाडायचं होतं, त्यांचं बोलणं अर्ध्यावर राहिलं. सभागृहाला कुठली गाडी गाठायची होती?

मध्यरात्र. पुढच्याच वर्षी नियम झाला: वादाचं कामकाज रात्री 12 ला थांबवायचं. पहाटेपर्यंत पेंगत मतदान करणाऱ्यांची त्यातून सुटका झाली आणि अपुरी चर्चा दुसऱ्या दिवशी पुढे चालू शकली. हा नियम मला पटतो. 17 जूनच्या त्या कलमांना मात्र दुसरा दिवस दिलाच नव्हता.