गंगेवरचा पूल रोज हलतो

परभणीहून गंगाखेडला निघालात की गाव यायच्या आधी गंगा, म्हणजे आपली गोदावरी, आडवी येते. गाडी पुलावर चढली की चाकांखालून ठरावीक अंतराने ‘टडक्-टडक्’ ऐकू येते. कसला आवाज हा? पुलाचे दोन गाळे जिथे एकमेकांना न चिकटता समोरासमोर थांबतात, तिथली फट तुमचे चाक ओलांडत असते. एवढे सिमेंट, एवढे लोखंड ओतून बांधलेल्या पुलात फट? आणि तीही मुद्दाम ठेवलेली?

हो, मुद्दाम. कारण तो अवजड, अचल दिसणारा पूल रोज हलतो. हिवाळ्यात आखडतो, उन्हाळ्यात पसरतो, आणि त्यासाठी त्याला जागा लागते.

किती पसरतो? त्यासाठी परभणीइतके चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. इथे मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या वर जातो आणि कडाक्याच्या थंडीत तो पाचाच्याही खाली उतरल्याच्या नोंदी कृषी विद्यापीठाने केलेल्या आहेत. म्हणजे एकाच गावात, एकाच वर्षात, चाळीस अंशांचा फरक! पोलाद दर अंशाला आपल्या लांबीच्या लाखात साधारण १.२ भाग वाढते. ऐकायला नगण्य वाटते. पण १०० मीटरचा लोखंडी पूल घ्या आणि त्याचे अंग ४० अंशांनी तापू द्या, तो जवळपास पाच सेंटिमीटर लांब होतो. दोन इंच! कुणी ओढला नाही, ढकलला नाही, नुसत्या उन्हाने.

बरे, नाही वाढू दिला तर? दोन्ही टोके भक्कम आवळून टाकली तर? मग त्या पोलादाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर जवळपास एक टन दाब येतो. टपाल तिकिटाहून लहान जागेवर एक टन, आणि असे चौरस सेंटिमीटर पुलाच्या पोटात हजारो. इतक्या जोराने तो खांबांनाच बाहेर रेटू लागेल, नाहीतर स्वतः वाकेल. उन्हाशी कुस्ती खेळून कुणी जिंकत नाही. म्हणून अभियंत्याने शहाणपणाचा मार्ग धरला: हलू द्या.

आता पुलाखाली उतरा आणि खांबाच्या माथ्याकडे निरखून पाहा. खांब आणि वरचा गर्डर यांच्यामध्ये वीतभरही उंचीची नसलेली एक काळी वडी दिसेल. हे बेअरिंग. शेकडो टनांचा गाळा अशा मोजक्या वड्यांवर बसलेला असतो. ती रबराची असते, पण नुसते रबर ओझ्याखाली चपटे होऊन कडेने बाहेर फुगले असते. म्हणून तिच्या पोटात पोलादाचे पातळ पत्रे एकाआड एक घालून, रबरात भाजून एकजीव केलेले असतात. पत्रे रबराला फुगू देत नाहीत, त्यामुळे वडी वरचे वजन निमूट पेलते. पण आडवे सरकायला मात्र पत्र्यांची आडकाठी नाही! गर्डर दोन बोटे पुढे गेला की वडी तिरकी होते, मागे आला की पुन्हा सरळ. ना मोटर, ना तेल, ना कुणी माणूस. जुन्या लोखंडी पुलांवर हेच काम पोलादी रूळ करत: एक टोक जखडलेले, दुसरे रुळांवर मोकळे.

उन्हाचे झाले. पण १९११ च्या सुमारास फ्रान्समध्ये यूजेन फ्रेसिने या अभियंत्याने जे पाहिले, त्याने त्याची झोप उडाली. ल व्हर्द्र गावाजवळ त्याने बांधलेल्या काँक्रीटच्या पुलाच्या कमानींचे माथे हळूहळू खाली बसू लागले. भार वाढला नव्हता, तडा गेला नव्हता, तरी पूल महिनोन्महिने खचत होता. फ्रेसिनेने माथ्याशी जॅक लावून कमानी पुन्हा वर उचलल्या आणि पूल वाचवला. पण प्रश्न त्याला सोडेना. घट्ट झालेले काँक्रीटसुद्धा सततच्या ओझ्याखाली वर्षानुवर्षे सावकाश दबत जाते, हे त्याला उमगले. दगडासारखी वाटणारी वस्तू, आणि तिला काळाची ओढ जाणवते!

त्याच चिंतनातून १९२८ चे त्याचे पेटंट आले. काँक्रीट दाब सोसते, ताण मात्र त्याला फारसा झेपत नाही. मग ओझे पडण्याआधीच त्याला आवळून ठेवले तर? आपला लोहार बैलगाडीच्या चाकाला धाव बसवतो तेव्हा हेच करतो. लोखंडी कडे लाल तापवायचे, लाकडावर चढवायचे, पाणी ओतायचे. धाव आकसते आणि लाकडाचे सगळे तुकडे असे गच्च आवळते की खड्ड्यातून आदळतानाही चाक सुटत नाही. गर्डरमध्ये पोलादी तारांचे जुडगे जॅकने ताणून टोकांना अडकवतात आणि काँक्रीट कायमचे आवळलेले राहते. पण काँक्रीट दबत जाईल तसा तारांचा ताण थोडा सैल होणारच. फ्रेसिनेने तेही आधीच धरले होते: तार अतिशय कणखर घ्या, खूप ताणा, म्हणजे थोडा ताण गेला तरी पुरेसा उरेल.

पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, झुरिचला पूल आणि संरचना अभियंत्यांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये तिचे अधिवेशन नवी दिल्लीत भरले होते. अशा परिषदांना देशोदेशीचे लोक येतात आणि एकमेकांना आपापल्या पुलांचे हलणे सांगतात. लंडनचा मिलेनियम पूल २००० साली खुला झाला तेव्हा चालणाऱ्या गर्दीच्या पावलांनी तो डोलू लागला. पूल डोलतो म्हणून लोक तोल सावरत पावले टाकत, आणि त्या पावलांनी तो आणखी डोले. दोनच दिवसांत बंद करावा लागला. एका शहराने असे शिकलेले दुसऱ्याला फुकटात मिळते. मला तर वाटते, कुठल्याही व्यवसायात याहून मोलाची देवघेव नसेल.

आणि पुलाखालची जमीन? ती तरी स्थिर असते का? पुराचे पाणी खांबावर आदळते, खाली मुसंडी मारते आणि खांबाच्या पायाशी भोवरा होऊन वाळू उपसू लागते. थक्क करणारी गोष्ट पुढेच आहे. पूर ऐन भरात असताना हा खड्डा सर्वांत खोल असतो आणि ओसरताना नदी तो गाळाने पुन्हा भरून टाकते. जानेवारीत जाऊन पाहाल तर वाळू जशीच्या तशी! मग पाया किती खोल न्यायचा? भारतातल्या कालव्यांवर काम केलेल्या जेराल्ड लेसीने १९३० मध्ये त्याचे सूत्र मांडले: रुंदीच्या दर मीटरमागे वाहणारे पाणी आणि तळच्या कणांचा जाडेपणा. त्यावरून पात्र सरासरी किती खोल खरवडेल ते काढायचे आणि खांबापाशी त्याच्या दुप्पट धरायचे. आपले अभियंते आजही हाच हिशेब करतात. या हिशेबाला नदीचे पाणी मोजलेले लागते. गंगेवर ढालेगाव आणि जी. आर. ब्रिज, तर दुधना नदीवर झरी इथे केंद्रीय जल आयोग वर्षानुवर्षे पाणी मोजत आला आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा जुना दगडी पूल पुरात गेला, एस.टी.च्या गाड्या माणसांसकट गेल्या. नदीचे मोजमाप किती जिवांशी बांधलेले असते, ते त्या रात्री महाराष्ट्राने पाहिले.

पूल संपताना बसणारा धक्काही याच हलण्याचा भाग. पूल खोल पायावर उभा, पोहोच रस्ता मात्र भरावावर. भराव बसतो, पूल बसत नाही. त्यात आपली काळी माती: पाण्याने फुगते, उन्हात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. म्हणून पुलाच्या पाठीशी ती न वापरता मुरूम भरतात.

आणि त्या रबरी वड्या? उन्हाने त्या कडक होतात, चिरतात. पुलाचे आयुष्य त्यांच्याहून कितीतरी मोठे. तेव्हा वाहतूक थांबवतात, खांबाच्या माथ्यावर जॅक ठेवतात आणि तो शेकडो टनांचा गाळा अख्खाच्या अख्खा वर उचलतात, जेमतेम काही मिलिमीटर. सगळे जॅक एकसाथ चढले पाहिजेत, नाहीतर एक कोपरा आधी उठून गर्डरला तडा जाईल. जुनी वडी बाहेर, नवी आत, गाळा पुन्हा खाली. त्यासाठी खांबाच्या माथ्यावर जॅक मावेल एवढी जागा पूल बांधतानाच मोकळी सोडलेली असते.