जुने भिंग, नवा कॅमेरा

आजोबांच्या फिल्म-कॅमेऱ्याचे भिंग नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर चालेल का? उत्तर देण्यापूर्वी एक वजाबाकी करू या.

भिंग दूरच्या वस्तूची प्रतिमा आपल्यामागे ठरावीक अंतरावरच स्पष्ट पाडते. म्हणून भिंगाची बैठक आणि फिल्म यांतील अंतर ठरलेले असते. ४२ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांच्या, म्हणजे ‘एम ४२’ जातीच्या भिंगांसाठी ते ४५.४६ मिलिमीटर आहे. त्या कॅमेऱ्यांत भिंगामागे हलणारा आरसा असे. त्याला एवढी जागा लागे. सोनीच्या ‘ई’ जातीच्या कॅमेऱ्यांत आरसाच नाही. तेथे बैठकीपासून संवेदक अवघ्या १८ मिलिमीटरवर असतो. उरले २७.४६ मिलिमीटर! तेवढी जागा भरून काढणारे पोकळ कडे मध्ये बसवले, की झाले. हाच अडॅप्टर.

आता निकॉनचा ‘एफ’ जातीचा कॅमेरा घ्या. तेथे अंतर ४६.५ मिलिमीटर. वजाबाकी उणे आली! कडे कितीही पातळ केले, तरी भिंग निदान १ मिलिमीटर पुढेच राहते. एवढ्यानेही ५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगातून सुमारे अडीच मीटरपलीकडचे दृश्य स्पष्ट येत नाही.

तेव्हा मित्रांनो, जुने भिंग अडगळीत टाकण्यापूर्वी वजाबाकी करून पाहा. बाकी अधिक आली, तर फक्त भिंगावरची कडी हाताने फिरवण्याची सवय करावी लागेल!