घड्याळ आपले, आकाश सर्वांचे

मध्यंतरी घराच्या गच्चीवर दुर्बीण मांडून आम्ही व्हेस्टा हा लघुग्रह शोधत होतो. त्याची जागा इंटरनेटवरील एका गणकाला विचारली. वेळ घातली रात्रीचे १२, आणि उत्तर आले की लघुग्रह क्षितिजाखाली आहे. आम्ही दुर्बीण आवरून खाली आलो. दुसऱ्या दिवशी चूक कळली. तो गणक ग्रीनिचची वेळ मागत होता आणि आम्ही दिली होती सिंगापूरची. आम्हांला मिळाले ते सकाळी ८ वाजताचे आकाश! व्हेस्टा त्या रात्री आमच्या डोक्यावरच होता.

ही चूक फार जणांच्या हातून होते. सिंगापूरचे घड्याळ ग्रीनिचच्या ८ तास पुढे चालते. आकाश तासाला १५ अंश फिरते, म्हणजे ८ तासांत १२० अंश. कधी याच्या उलटही घडते. आपण हिशेब करून ग्रीनिचची वेळ घालतो आणि गणक ती सिंगापूरची समजून पुन्हा ८ तास वजा करतो. मग चूक ८ तासांचीच होते, पण उलट दिशेने.

येथे दोन प्रकारच्या वेळा ओळखायला हव्यात. पहिली, साऱ्या पृथ्वीवर एकाच क्षणी घडणाऱ्या गोष्टीची. दुसरी, प्रत्येक गावाच्या क्षितिजावर अवलंबून असणारी.

आपल्या घरचेच उदाहरण घ्या. भिंतीवर मुंबईच्या वेळांचे कॅलेंडर टांगलेले असते. तिथी कधी संपते, तो क्षण जगभर एकच. त्यात अडीच तास मिळवले की सिंगापूरची वेळ मिळते. पण संकष्टीच्या चंद्रोदयाला हा नियम लावला तर उपवास उगाच लांबतो. मुंबईत चंद्र रात्री ९ वाजता उगवला, त्या क्षणी आपल्याकडे साडेअकरा वाजलेले असतात आणि चंद्र केव्हाच वर आलेला असतो. चंद्रोदय हा ज्या त्या गावचाच पाहावा लागतो.

लघुग्रहांचेही तसेच आहे. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यातील व्हेस्टासारखा लघुग्रह ताऱ्यांमधून दिवसाला साधारण पाव अंश सरकतो. ८ तासांची चूक झाली तरी नकाशावरील त्याची जागा चंद्रबिंबाच्या पाव भागाइतकीही बदलत नाही. चुकते ती क्षितिजापासूनची उंची. म्हणून शेजारचे तारे ओळखून शोधणाऱ्याला तो सापडतो, पण केवळ उंची आणि दिशा यांवर विसंबणारा फसतो.

पृथ्वीच्या अगदी जवळून जाणाऱ्या लघुग्रहाच्या बाबतीत मात्र एवढी सवलत नाही. डुएंडे नावाचा लघुग्रह २०१३ साली पृथ्वीपासून सुमारे २७,७०० किलोमीटर उंचीवरून गेला. ग्रीनिचची वेळ होती १५ फेब्रुवारी, १९ वाजून २५ मिनिटे. सिंगापुरात तेव्हा १६ तारखेची पहाट होती, ३ वाजून २५ मिनिटे. दर मिनिटाला तो चंद्राच्या व्यासाहून अधिक अंतर कापत होता. १५ तारखेच्या संध्याकाळी सव्वासातला दुर्बीण लावणारा ८ तास आधीच आला, असे म्हणावे लागेल.

आता पुढची संधी अपोफिसची. १३ एप्रिल २०२९ रोजी ग्रीनिचच्या सुमारे पावणेदहाला रात्री तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ येईल. आपल्या घड्याळात ती १४ एप्रिलची पहाट, पावणेसहाचा सुमार. मुंबईत तेव्हा सव्वातीन वाजलेले असतील. तो क्षण सर्वांचा एकच. पण नुसत्या डोळ्यांनी तो दिसेल मुख्यतः युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियातून. आपल्या क्षितिजावर काय दिसेल, ते सिंगापूरचे अक्षांश-रेखांश घालूनच पाहावे.

जुन्या नोंदींसाठी आणखी एक सावधगिरी हवी. सिंगापूर नेहमीच ८ तास पुढे नव्हते. १९८१ च्या ३१ डिसेंबरला रात्री साडेअकरा वाजता घड्याळे अर्धा तास पुढे केली गेली आणि एकदम १९८२ साल लागले. त्याआधी फरक साडेसात तासांचा होता आणि जपानी अंमलात तर येथे टोकियोची वेळ चाले. वडीलधाऱ्यांच्या जन्मटिपणांतील वेळ किंवा जुन्या वहीतील आकाशाची नोंद गणकात घालताना सरसकट ८ तास धरले, तर सारेच गणित बिघडते.

मग गणकावर विश्वास ठेवावा कसा? एक सोपी परीक्षा आहे. त्याला आधी सूर्य विचारा. सिंगापुरात सूर्य माथ्यावर येतो तो १२ वाजता नव्हे, तर दुपारी सुमारे १ वाजता. कारण येथील घड्याळ सूर्याच्या तासाभराने पुढे आहे. दुपारी १ ची वेळ घातल्यावर गणकाने सूर्य सर्वांत उंच दाखवला तर पुढे जा. त्याने सूर्य मावळलेला दाखवला तर दोष लघुग्रहाचा नाही, वेळेच्या रकान्याचा आहे.

एवढी खात्री झाली की मगच गच्चीवर जावे. आमच्यासारखी दुर्बीण आवरून परत येण्याची पाळी येऊ नये.