एका आयरिश कुटुंबाचें संगीत

आयर्लंडच्या वायव्य टोकास डोनेगॉल नांवाचा परगणा आहे. अटलांटिकच्या वाऱ्यांत उघडी पडलेली ही भूमि खडकाळ आहे. तिच्यांतील ग्वीडोर ह्या भागांत लोक घरांत अजूनहि आयरिश भाषा बोलतात. तेथील एका कुटुंबाच्या वाद्यवृंदाविषयीं आज मी बोलणार आहें. त्याचें नांव क्लॅनाड. 'ग्वीडोरचें कुटुंब' ह्या अर्थाच्या आयरिश शब्दांचा तो संक्षेप होय.

कुटुंबप्रमुख लिओ ब्रेनन हा स्वतः वादक. १९६८ सालीं त्यानें मीनालेक येथें एक मद्यगृह घेतलें. पत्नी संगीत शिकवीत असे, आणि अपत्यें नऊ. त्यांपैकीं मॉइया, किरान व पोल ह्या तिघांनीं आपल्या दोन जुळ्या मामांना, म्हणजे नोएल व पाड्रिग डुगन ह्यांना, बरोबर घेऊन १९७० सालीं हा मेळ उभारला. मामा आणि भाचे वयानें जवळजवळ बरोबरीचे होते.

ह्या लोकांच्या भाषेवर काय प्रसंग गुदरला होता, तें प्रथम सांगितलें पाहिजे. एकोणिसाव्या शतकांत कित्येक ठिकाणीं आयरिश मुलांच्या गळ्यांत एक काठी अडकवीत. मुलाच्या तोंडून आयरिश शब्द निघाला कीं तिच्यावर एक खांच पडे, आणि मग खांचा मोजून मार मिळे. मी स्वतः आयुष्यभर छडी हातीं धरलेला मनुष्य. पण ही हकीकत मला स्वस्थपणें वाचवत नाहीं. पुढें १८४५ पासूनच्या दुष्काळानें नेमका पश्चिमेकडील आयरिशभाषी गरिबांचा संहार केला. जे वांचले त्यांपैकीं पुष्कळ देशांतरास गेले.

भाषा अशी कोपऱ्यांत ढकलली गेली, तरी गाणीं घरांत टिकलीं. जुन्या रीतीचें आयरिश गाणें एकट्या कंठानें, वाद्याच्या साथीवांचून गातात. शब्दांचा भाव वळेल तशी लय वळते, आणि गळ्यांतील बारीक हरकती हेंच त्याचें लेणें. नाचाच्या चालींचें तसें नाहीं. त्या पक्क्या तालांत बांधलेल्या असतात. 'जिग' म्हणजे तीन-तीनांच्या दोन गटांत पडणाऱ्या सहा मात्रा, आपल्या दादऱ्याच्या विभागणीसारख्या. 'रील' मात्र चारांच्या हिशेबानें धांवतो. ह्या चाली मुलें बहुधा कागदावरून शिकत नसत, वडीलधाऱ्यांचें ऐकून शिकत.

क्लॅनाडनें आजोळच्या व आसपासच्या वृद्धांकडून अशीं गाणीं गोळा केलीं आणि त्यांत आपली भर घातली. मॉइयाची हार्प, किरानचा मोठा खर्जाचा डबल बेस, पोलची बांसरी, मामांचीं गिटार व मँडोला. आणि एकाच वेळीं निरनिराळ्या स्वरांत मिळणारे अनेक कंठ. एकट्या आवाजाचा एकांत ह्यामुळें मोडला, असें जुन्या वळणाचे रसिक म्हणतील. तें अगदींच खोटें नाहीं. परंतु घरांतील माणसांचे आवाज जातीनेंच एकमेकांशीं जुळतात, आणि तो जुळेपणा मोलानें मिळत नाहीं, असें मला वाटतें.

१९७० सालींच लेटरकेनी येथील स्पर्धेंत त्यांना यश मिळालें. पहिली ध्वनिमुद्रिका १९७३ सालीं निघाली. धाकटी बहीण एन्या १९८० च्या सुमारास त्यांच्यांत आली व दोन वर्षांनीं निघून गेली. तिची स्वतंत्र कीर्ति आपण जाणतांच. १९८२ सालीं उत्तर आयर्लंडमधील रक्तपातावरील एका दूरदर्शन-मालिकेसाठीं त्यांनीं आयरिश भाषेंत गीत रचलें. ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादींत तें पांचव्या क्रमांकास पोंचलें! ऐकणाऱ्यांपैकीं बहुतेकांना त्यांतील एकहि शब्द कळत नव्हता.

पाड्रिगमामा २०१६ सालीं व नोएलमामा २०२२ सालीं वारले. लिओ ब्रेननहि २०१६ सालींच गेला. मीनालेकचें तें मद्यगृह मात्र कुटुंबानें पुढें चालविलें, आणि त्याच्या गेल्यावरहि तेथें वादकांच्या बैठकी होत राहिल्या.